आयन फूट बाथ डिटॉक्स: बारा सेशन, घरी घेतलेलं मशीन आणि आईची बंद झालेली गोळी

हा रिव्ह्यू मी सहा महिन्यांपूर्वी लिहिला असता तर डोळे मिटून पाच स्टार दिले असते. आईच्या पायाची सूज उतरली होती, ती खूश, मी खूश, आणि जो भेटेल त्याला आम्ही दोघी सांगत होतो की एकदा करून बघा, फरक पडतो. नंतर जे जे कळत गेलं त्यामुळे ते सगळं मागे घ्यायची वेळ आलीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांब झालं तर सांभाळून घ्या, पण घरात कुणाचे पाय सुजत असतील तर शेवटपर्यंत वाचाच.

ज्यांनी हा प्रकार बघितला नाहीये त्यांच्यासाठी. कोमट पाण्याचा टब असतो, त्यात थोडं मीठ टाकतात, आपण पाय सोडून बसायचं. पायांच्या मधे धातूची एक कॉइल बुडवलेली असते, तिची वायर शेजारच्या मशीनला, आणि आपल्या मनगटाला एक पट्टा. अर्धा तास चालतं. दहाएक मिनिटांत पाणी पिवळट व्हायला लागतं, मग केशरी, मग विटकरी आणि शेवटी तर तळ दिसत नाही इतकं गढूळ तपकिरी, वर फेस, मधे मधे काळे कण. भिंतीवर चार्ट लावलेला, कुठला रंग कुठून आला त्याचा. केशरी म्हणजे सांध्यांतून, तपकिरी म्हणजे लिव्हरमधून, हिरवट म्हणजे पित्ताशयातून, पांढरा फेस लिम्फमधून आणि काळे कण म्हणजे जड धातू. तिथल्या मॅडम पाण्यात बोट दाखवून दाखवून समजावून सांगतात, आणि समोर दिसतंय म्हटल्यावर माणूस मान डोलावतो, मीही डोलावली.

पहिल्या सेशनचं मला एकच नीट आठवतं. आई त्या पाण्याकडे बघत होती आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "अगं बाई, एवढी घाण होती माझ्या अंगात?" तिचा चेहरा पडला होता. आयुष्यभर टापटीप राहिलेली बाई, तिला चारचौघांत आपल्याच पायांची लाज वाटली. तेव्हा मला वाटलं बरं झालं, निघतंय ते निघू दे. आता तो चेहरा आठवला की राग येतो, कारण त्या पाण्यात तिचं काहीही नव्हतं.

आठवड्यातून दोनदा असं बारा सेशनचं पॅकेज होतं. सहाव्या सेशनपर्यंत सूज चांगलीच उतरली. हे मी उगाच लिहीत नाहीये, डोळ्यांनी बघितलंय. आधी संध्याकाळी घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा, तो पडेनासा झाला. सँडलचा पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा लागायचा तो दोन भोकं आत लागायला लागला. आठव्या सेशनला मॅडमनी पायाचा फोटो काढला, पहिल्या दिवशीच्या फोटोशेजारी लावला, आणि आम्ही लगेच होकार दिला की हो लावा तुमच्या बोर्डवर. पॅकेज संपलं तेव्हा दर वेळी कुठे जायचं म्हणून तसलंच एक मशीन घरी घेऊन टाकलं.

मशीन घरी आलं म्हणून बरं झालं, नाहीतर कळलंच नसतं. वापरून झाल्यावर कॉइल धुवावी लागते, सेंटरवर ते काम आपल्याला दिसत नाही. मी जुन्या ब्रशने घासायला घेतली तर बोटं तांबडी, आणि वास कसला तर ओल्या गंजाचा, पावसात राहिलेल्या खिळ्यांना येतो तोच. पाच-सहा वेळा वापरल्यावर कॉइल नव्यापेक्षा बारीक झालेली दिसायला लागली. माहितीपत्रक काढून वाचलं तर त्यातच लिहिलेलं की कॉइल हा झिजणारा भाग आहे, ठराविक सेशननंतर बदलावी. माझ्या डोक्यात तिथे पहिल्यांदा प्रश्न आला की झिजते म्हणजे जाते कुठे? टबमध्ये पाण्याशिवाय दुसरं आहे काय?

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बसले. पहिला टब: पाणी, मीठ, मशीन चालू, पाय नाहीत. दुसरा: पाणी, मीठ, आईचे पाय, मशीन बंद. तिसरा: सेंटरवर करतात तसं सगळं, पायही आणि मशीनही. चौथा: मशीन चालू पण मीठ नाही आणि पायही नाहीत. पाणी तेवढंच, वेळ अर्धाच तास, खिडकी उघडी, कारण क्लोरीनसारखा वास येतो (तो वासही टॉक्सिनचाच असं आम्हाला सांगितलं होतं). प्रत्येक टबमधून एक एक ग्लास भरून खिडकीत ओळीने ठेवला.

ज्यात पाय नव्हते तो पहिला टब बारा-तेरा मिनिटांत केशरी आणि अर्ध्या तासात तपकिरी झाला, फेस आला, काळे कणसुद्धा आले. ज्यात नुसते पाय होते तो शेवटपर्यंत स्वच्छ, तळाशी टाचेची थोडी सुटलेली कातडी तेवढी. बिनमिठाचा जेमतेम पिवळट. आणि तिसरा, सगळं असलेला, पहिल्यासारखाच. आईला पहिला आणि तिसरा ग्लास दिला आणि विचारलं, यातला तुझा कुठला सांग. ती दोन्ही ग्लास उजेडाला धरून किती तरी वेळ बघत बसली, हलवून बघितले, वास घेऊन बघितला, मग म्हणाली, "नाही गं कळत." रात्रभर ठेवल्यावर दोन्हीच्या तळाशी सारखाच तपकिरी थर बसला होता.

याच्यामागचं शास्त्र शाळेत आपण सगळेच शिकलोय, इलेक्ट्रोलिसिस. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, कॉइलमध्ये दोन टोकं असतात, एक धन एक ऋण. धन टोकाचं लोखंड पाण्यात विरघळतं, त्याचं आधी हिरवट हायड्रॉक्साइड होतं आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की केशरी-तपकिरी, म्हणजे सरळ भाषेत गंज. चार्टवरचा पित्ताशयाचा हिरवा आणि लिव्हरचा तपकिरी हे दोन्ही एकाच लोखंडाचे रंग आहेत. ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतात, त्यात घामाचा, साबणाचा थोडा अंश मिसळला की पांढरा फेस. मिठातल्या क्लोराइडचं क्लोरीन होतं, तो वास. काळे कण म्हणजे कॉइलवरचेच सुटलेले कण आणि लोखंडाची काळी संयुगं. मनगटाच्या पट्ट्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, तो काढून ठेवला तरी पाणी तसंच होतं, करून बघितलंय.

मी एक हिशोबही केला, तो इथे देते कारण मला स्वतःला त्यानेच पटलं. समजा २ अँपिअर करंट अर्धा तास गेला आणि तो सगळा लोखंड विरघळवण्यात गेला, तर फॅरेडेच्या नियमाने (किती वीज गेली की किती धातू विरघळतो ते सांगणारा नियम) साधारण १ ग्रॅम लोखंड पाण्यात उतरतं. सगळा करंट त्यातच जात नाही म्हणून थोडं कमी धरा. आता मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून लोह असतं ३ ते ४ ग्रॅम. तो रंग शरीरातून येत असता तर चार-पाच सेशनमध्ये माणसाच्या रक्तात लोह उरलंच नसतं. आईने बारा केली. तिचं हिमोग्लोबिन जसंच्या तसं आहे.

सेंटरवर जाऊन हे सांगितलं तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "थोडा रंग मशीनमुळे येतोच हो, पण पाय घातले की जास्त येतो ना, तो जास्तीचा म्हणजे टॉक्सिन." हे आधी बारा वेळा का नाही सांगितलं ते असो. पण मुद्दा तपासण्यासारखा आहे, कारण पायाच्या घामात क्षार असतात, पाणी थोडं वेगळं होतं, रंगात उन्नीस-बीस फरक पडू शकतो. नुसत्या डोळ्यांनी त्याचा निकाल लागणार नाही, पाण्यात काय आहे ते मोजायलाच लागेल. आणि ते मोजून झालेलंय. २०१२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांचा अभ्यास छापून आला, सहा निरोगी माणसं घेतली होती, पाय घालून आणि न घालता दोन्ही वेळचं पाणी तपासलं, शिवाय लघवी आणि केसही तपासले. पायांतून विषारी धातू बाहेर पडतात याला काही आधार सापडला नाही, लघवीवाटे जास्त बाहेर पडतात असंही दिसलं नाही. सहा माणसं म्हणजे छोटा अभ्यास आहे हे मान्य, पण ज्यांना मशीन विकायचंय त्यांनी मोठा करून दाखवायला हवा होता.

बाय द वे, हे "पाय नसलेला टब" काही माझं डोकं नाही. १७९६ मध्ये अमेरिकेत एलिशा पर्किन्स नावाच्या डॉक्टरने धातूच्या दोन छोट्या कांड्यांचं पेटंट घेतलं होतं, दुखतं तिथून त्या फिरवायच्या, दुखणं ओढून काढतात म्हणे. इंग्लंडपर्यंत गाजल्या. तिथे बाथ शहरात जॉन हेगार्थ या डॉक्टरने १७९९ मध्ये काय केलं, लाकडाच्या कांड्या बनवल्या, धातूच्या वाटतील अशा रंगवल्या आणि पाच पेशंटवर फिरवल्या. त्यातल्या चार जणांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या फिरवल्या तर तसाच परिणाम. म्हणजे बरं वाटणं खोटं नव्हतं, पण ते धातूमुळे नव्हतं. सव्वादोनशे वर्षं झाली या गोष्टीला आणि अजून आपल्याला कुणी मशीन विकायला आलं की हा एक साधा प्रश्न आपण विचारत नाही, की मुख्य वस्तू काढून घेतली तर काय होतं ते बघितलंत का?

पॅकेजबरोबर रात्री तळव्याला चिकटवायचे पॅडही मिळाले होते, सकाळी काळे-चिकट होतात ते. त्यात लाकडापासून काढलेलं व्हिनेगर असतं, ओल लागली की ते काळपट होतं, एवढंच. मी एक पॅड उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरला, तसाच काळा झाला. किनोकी नावाच्या पॅडची अमेरिकेत टीव्हीवर जोरदार जाहिरात असायची, २००९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने दावे खोटे आहेत म्हणून विकणाऱ्यांवर केस केली. यावर अजून लिहीत बसत नाही.

तळव्यातून विष निघतं हे ऐकायला बरोबर वाटतं कारण तळव्याला घाम येतो. पण घामाच्या ग्रंथीची नळी त्वचेतच सुरू होते आणि त्वचेवरच उघडते, ती काही लिव्हरला किंवा गुडघ्याला जोडलेली नसते, आणि घाम जवळपास सगळा पाणी आणि थोडं मीठच असतो. शरीरातली सफाई करतात लिव्हर आणि किडनी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत आत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी करतात. हे काम बंद पडलं तर डायलिसिस लागतं, तिथे टब चालत नाही. खऱ्या विषबाधेवर खरे उपचार आहेत, शिसं जास्त झालं तर ते धरून लघवीतून बाहेर काढणारं औषध देतात, पॅरासिटामॉलचा जास्त डोस झाला तर ॲसिटिलसिस्टीन देतात. तिथे डॉक्टर विषाचं नाव सांगतो, रक्तात किती आहे ते मोजतो आणि नंतर परत मोजतो. मी सेंटरवर विचारलं की कुठलं टॉक्सिन, एक तरी नाव सांगा. उत्तर आलं, "सगळीच."

आता मुख्य गोष्ट. हे सगळं वाचून कुणीही म्हणेल, अगं पण सूज उतरली ना? मीही स्वतःला हेच म्हणत होते. रंग कॉइलचा असेल, पण आईचे पाय तर खरंच बरे झालेत, मग काहीतरी असेलच की.

मधे आईची एक दाढ दुखायला लागली. दाढ काढायची ठरली, डेंटिस्टने आधी बीपी बघितलं तर १९०/१०६. त्यांनी दहा मिनिटं बसवून परत घेतलं, तरी तेवढंच आलं. दाढ राहू द्या, आजच्या आज फिजिशियनकडे जा म्हणाले. आईचं बीपी गेली काही वर्षं गोळीवर व्यवस्थित होतं, त्यामुळे मला काही कळेना. गाडीत बसल्यावर तिने सांगितलं, गोळी बंद आहे. दुसऱ्या सेशनपासून. तिला तिथे कुणी गोळी बंद करा असं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "काकू, ह्या गोळ्यांचं केमिकलच साठलेलं असतं अंगात, ते पण इथूनच निघतंय बघा. शरीर साफ झालं की गोळ्या आपोआप सुटतात." आईने सरळ विचार केला की इकडून काढायचं आणि तिकडून परत टाकायचं हे कशाला. आणि मी रागवेन म्हणून मला बोलली नाही.

तिची गोळी होती अॅम्लोडिपिन. आणि अॅम्लोडिपिनचा सगळ्यांत माहीत असलेला साइड इफेक्ट काय, तर घोट्याला सूज. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: ही गोळी बारीक धमन्या सैल करते, शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर उभं राहून-बसून घोट्यापाशी साचतं. म्हणून संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. गोळी थांबवली की काही दिवसांत, आठवड्या-दोन आठवड्यांत सूज उतरते. म्हणजे आईची सूज उतरली ती गोळी बंद झाल्यामुळे, आणि त्याच गोळीशिवाय तिचं बीपी गुपचूप वर जात होतं. बीपीला काही दुखत नाही, खुपत नाही. आम्ही तो सगळा वेळ आनंदात होतो.

मला तिथे बसून रडू आलं. तिला काही झालं असतं म्हणजे?

डॉक्टरांनी पायाची सूज म्हणून आधी लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, ईसीजी, इको हे सगळं करून घेतलं, कारण हीच सूज किडनीची असू शकते, हार्टची असू शकते, लिव्हरची, थायरॉइडची, शिरांचीही असू शकते, आणि एकाच पायाला अचानक आली तर रक्ताची गुठळी असू शकते, ती तर ताबडतोब बघावी लागते. हे सगळं नॉर्मल आलं. मग अॅम्लोडिपिनचा डोस कमी करून सोबत दुसऱ्या प्रकारची एक गोळी दिली, त्या जोडीत सूज कमी येते. तीन आठवड्यांत बीपी १३० च्या आसपास आणि पाय नॉर्मल, टबशिवाय. (हे वाचून कुणी आपापल्या मनाने गोळी बदलू नका, आईचं तेच झालं होतं. सूज आली तर ज्यांनी गोळी दिली त्यांना सांगा.)

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. डॉक्टरांनी विचारलं, सूज आहे हे मला का नाही सांगितलं, पहिल्याच भेटीत गोळी बदलली असती. आई म्हणाली, "तुम्हाला वेळ कुठे असतो." ते गप्प झाले. त्यांच्याकडे आम्हाला पाच मिनिटं मिळायची, त्यात बीपी घ्यायचं आणि चिठ्ठी लिहायची. सेंटरवर तिला अर्धा तास कुणीतरी समोर बसून ऐकायचं, झोप लागते का, सून-मुलगी कशी आहे, गुडघा कसा आहे. कोमट पाण्यात पाय बरे वाटतात, तेही खरं. तिला तिथे बरं वाटत होतं ते मी नाकारत नाही, मीही तेवढा वेळ तिच्याजवळ बसत नव्हते. आता बसते. संध्याकाळी साध्या बादलीत कोमट पाणी घेते ती कधी कधी, पाणी अर्ध्या तासाने तसंच स्वच्छ असतं आणि ते बघून तिला बरं वाटतं. ज्यांना डायबेटीस आहे आणि तळव्याला संवेदना कमी आहे त्यांनी मात्र गरम पाण्याच्या फंदात पडू नका, चटका बसलेला कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही.

रेटिंग एकच स्टार, कारण शून्य देता येत नाही. मशीन माळ्यावर आहे. कुणी विकत मागितलं तर देणार नाहीये.

सेंटरच्या बोर्डवर तो फोटो अजून आहे, आधीचे सुजलेले पाय आणि शेजारी उतरलेले, खाली "८ सेशनमध्ये फरक". काढून टाका म्हणून मी दोनदा जाऊन सांगून आलेय. फोटोत काही खोटं नाही, सूज खरंच उतरली होती. पण तिथे जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की ते पाय माझ्या आईचे आहेत, आणि दुसरा फोटो काढला त्या दिवशी तिची बीपीची गोळी बंद होऊन तीन आठवडे झाले होते.